नोवीच्या वाटेवर पावाची गाडी

बैल आधी जागे होतात, मग तुम्ही. अंधारात कुणीतरी बंदुकीच्या दस्त्याने तुमचा खांदा ढोसतंय आणि जर्मनमध्ये ओरडतंय. शब्द कळत नाहीत, पण मतलब कळतो. जू चढव.

गाव रिवाल्ता, स्क्रिव्हिया नदीकाठचं. उत्तर इटलीचं सपाट मैदान इथून दक्षिणेकडे सरकत डोंगराला भिडतं आणि त्या पायथ्याशी तटबंदीचं नोवी आहे. तुम्ही इथलेच गाडीवान. गाडी तुमची, बैलही तुमचेच, पण ऑस्ट्रियन कोठीने दोन्ही वेठीला धरलेत. मजुरी मिळेल असं सांगितलंय. कधी, ते सांगितलेलं नाही.

कंदिलाच्या उजेडात कोठीचा कारकून पावाची पोती मोजतो आणि चिठ्ठी लिहून तुमच्या हातात देतो. वर तारीख घालतो: १५ ऑगस्ट १७९९. आज मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण. सण असो नसो, लढाई आहे.

गाडी हलते तेव्हा रस्त्याच्या कडेला पांढरे अंगरखे दिसू लागतात. हा सेनापती मेलासचा तळ, सुमारे नऊ हजारांचा. नीट पाहून घ्या, दिवसभरात एवढी निवांत फौज पुन्हा दिसायची नाही. अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोप्या घातलेले ते ग्रेनेडियर. प्रत्येक रेजिमेंटमधून धिप्पाड, कसलेल्या शिपायांच्या दोन कंपन्या काढून घ्यायच्या आणि अशा दोन-तीन रेजिमेंटांच्या कंपन्या जोडून एक खास पलटण उभी करायची, ही ऑस्ट्रियाची जुनी रीत. साय काढून वेगळी ठेवावी तशी. उरलेलं दूधही वाईट नसतं म्हणा, पण साय गेल्यावर त्याला कोण विचारतं!

बाकीच्या रेजिमेंटात तीन पलटणी, एका पलटणीत सहा कंपन्या. रेजिमेंटला सरकारी क्रमांक असतो, पण बोलताना सगळे तिच्या मानकऱ्याचं नाव घेतात. मानकरी म्हणजे कुणी जुना सेनापती किंवा सरदार, बहुधा रणांगणापासून लांब बसलेला. तंग निळ्या विजारी घातलेले ते हंगेरियन आणि पांढऱ्या विजारीवाले ‘जर्मन’ रेजिमेंटचे. त्या जर्मनांतही चेक आहेत, पोलिश आहेत. हुकूम मात्र जर्मनमध्येच सुटतात आणि शिपायाने ते पाठ करून ठेवायचे. घरी कुठली भाषा बोलतो, हा त्याचा खाजगी प्रश्न. तपकिरी अंगरख्यातले आहेत ते तोफखान्याचे, त्यांच्या तोफगाड्यांना पिवळा रंग. आणि बहुतेकांच्या टोपीत हिरव्या पानांची डहाळी खोवलेली दिसते. आपला कोण ते धुरात ओळखायची ती खूण आहे.

तुमच्या चिठ्ठीवर मुक्काम लिहिलाय पोत्सोलो फोर्मिगारो. म्हणजे फ्रेंचांविरुद्ध ऑस्ट्रियाच्या जोडीला आलेल्या रशियनांकडे. दोन-अडीच कोस, बैलांच्या चालीने.

उजाडत असतानाच पश्चिमेकडून गडगडाट येतो. पावसाचा नाही. तिकडे दुसरा ऑस्ट्रियन सेनापती क्राय आहे, सत्तावीस हजार माणसं घेऊन. गेल्या महिन्याच्या अखेरीस मांतुआचा किल्ला पडला, म्हणून त्याच्या फौजेला इकडे यायला सवड झाली. पहाटे पाचच्या सुमारास त्याने फ्रेंचांच्या डाव्या बगलेवर हल्ला चढवलाय. तुम्ही ऐकताय त्याच तोफांच्या पहिल्या तासाभरात फ्रेंचांचा सरसेनापती जूबेर गोळी लागून मरतो. वय तीस. महिन्याभरापूर्वी लग्न झालेलं. सूत्रं मोरोकडे जातात. एप्रिलमध्ये मार खाल्लेला आणि नुकतीच हीच सूत्रं जूबेरच्या हाती दिलेला, तोच हा मोरो.

क्राय लढतोय, मेलास थांबलाय, रशियन मधे आहेत. चौथी तुकडी तोर्तोनाकडे, तिथल्या गढीत अडकलेल्या फ्रेंचांवर नजर ठेवून. कागदावर ही पन्नास हजारांची एक फौज, आणि तुमची गाडी तिच्या एका टोकाकडून मध्यापर्यंत जायला अर्धी सकाळ घेते. फ्रेंचांकडे कायमच्या ‘डिव्हिजन’ आहेत: पायदळ आणि तोफा ठरलेल्या, सेनापती एकच, एकमेकांच्या सवयी माहीत. इकडे तसं काही नाही. कुठली पलटण कुणाच्या हाताखाली, कुठले घोडेस्वार कुणाच्या बगलेला, हे लढाईच्या तोंडावर बसून कागदावर मांडतात. लग्नघरी पंगतीची पानं मांडावीत तसं. पाहुण्यांची गाठ पडते ती पानावर बसल्यावर.

पोत्सोलोला पोचता तेव्हा ऊन चढलंय. इथे अंगरखे गडद हिरवे. केसांना पावडर, मागे घट्ट बांधलेली वेणी. सम्राट पावेलला प्रशियाच्या शिस्तीचं वेड. १७९६ मध्ये गादीवर आल्यापासून त्याने शिपायांना हा साज चढवलाय. म्हाताऱ्या सुवोरोव्हने, म्हणजे या सगळ्या फौजेच्या सरसेनापतीने, या पावडरीची आणि वेण्यांची उघड टिंगल केली होती आणि तिची किंमत त्याने नोकरी गमावून, गावी नजरकैदेत बसून चुकवली. यंदा व्हिएन्नाच्या दरबाराने त्याचंच नाव मागितलं म्हणून तो पुन्हा घोड्यावर बसला.

पोती उतरवताना तुमचा हात एका काळ्या, दगडासारख्या तुकड्याला लागतो. राईचा वाळवलेला पाव. रशियन शिपायाचा जीव त्यात. दहा-बाराजणांचा त्यांचा एक गट असतो, ‘आर्तेल’: पैशाची वर्गणी, एक हंडा, जमलं तर सगळ्यांत मिळून एक घोडागाडी. त्याला पंचवीस वर्षं नोकरी करायची आहे. तो गावातून निघाला तेव्हा घरच्यांनी मयताला रडावं तसं रडून त्याला निरोप दिला होता. तेव्हा घर म्हणाल तर आता तो हंडाच. तुमचा गव्हाचा पाव तो हातात घेतो, दाबून बघतो, हुंगतो आणि शेजाऱ्याला काहीतरी म्हणतो. दोघे हसतात. पाव मऊ आहे, ही तक्रार असावी.

त्याची रेजिमेंट कुठली? विचारू नका, उत्तर सोपं नाही. रशियन रेजिमेंटांना गावांची, प्रांतांची नावं असत. गेल्या वर्षी पावेलने हुकूम काढला की रेजिमेंटला तिच्या ‘शेफ’चं, म्हणजे मानाच्या प्रमुखाचं नाव द्यायचं. अप्शेरोन रेजिमेंट आता मिलोरादोविचची झाली. उद्या मिलोरादोविच गेला तर तीच माणसं तोच हंडा घेऊन तिसऱ्याच नावाने हजेरी देणार. प्रत्येक रेजिमेंटमध्ये दोन पलटणी. ग्रेनेडियर वेगळे काढण्याची हौस इथेही आहेच.

मध्येच आठवलं म्हणून सांगतो. इथून पश्चिमेला आल्प्सच्या कुशीत सव्हॉय आहे. तिथला दे बॉइन नावाचा माणूस तरुणपणी रशियाच्या फौजेत शिरला, तुर्कांच्या कैदेत पडला आणि फिरत फिरत महादजी शिंद्यांकडे पोचला. शिंद्यांचे कवायती कंपू त्याने उभे केले. आज तो युरोपात परतलाय, धनाढ्य होऊन. पलटण, कंपू हे शब्द आपल्याकडे आले ते अशाच भटक्या फिरंगी कवायतीच्या मागून.

तुमच्या चिठ्ठीच्या पाठीवर रशियन लेखनिक पोच लिहितो. आकडे तेवढे तुम्हाला कळतात. तारखेच्या जागी त्याने ४ लिहिलंय.

चूक नाही. रशियात अजून जुनं पंचांग चालतं, युरोपच्या अकरा दिवस मागे. मेरीचा सण त्यांना अजून यायचाय. सध्या त्याआधीचा उपास चालू आहे, निदान पंचांगात तरी. आणि समोरच्या डोंगरावर फ्रेंच प्रजासत्ताकाच्या कागदांवर आज २८ थर्मिडॉर, वर्ष सातवं. दोन्ही सम्राटांच्या मुद्रेवर दोन तोंडांचा गरुड, पण त्यांच्या सैन्यांची तारीख जुळत नाही.

भाषाही नाही. सरसेनापती रशियन, पण त्याच्याभोवतीचं कार्यालय ऑस्ट्रियन. आखणी बहुतेक जर्मनमध्ये उतरते. कोठार आणि ऑस्ट्रियन फौजेचा कारभार मेलासकडे, आणि मेलासचे कान व्हिएन्नाच्या युद्धमंडळाकडे. दोन्हीकडचे मोठे सरदार समोरासमोर आले की खुशाल फ्रेंचमध्ये बोलतात. शत्रूची भाषा तेवढी सगळ्यांना येते.

तेवढ्यात सुवोरोव्ह स्वतः दिसतो. सत्तरीला टेकलेला, काटकुळा, पांढऱ्या सदऱ्यात, कोसॅक घोड्यावर. संगिनीवर त्याचा विश्वास बंदुकीच्या गोळीपेक्षा मोठा. एप्रिलमध्ये इटलीत आल्या आल्या त्याने ऑस्ट्रियनांना संगिनीचा हल्ला शिकवायला रशियन अंमलदार पाठवले होते. ज्या फौजेने शतकभर तुर्कांशी झुंज दिली, तिच्या अंमलदारांना ही शिकवणी किती गोड लागली असेल!

रशियन सेनापती बाग्रातिओनच्या रांगा नोवीकडे चालू लागतात. वाटेत खंदक, बागांच्या भिंती, मग गावाचा तट आणि वर उतारावर तोफा. तोफांतून छर्रे सुटतात. लांबून तुम्हाला फक्त हिरव्या रांगेत पडलेली फट दिसते, मग मिटलेली फट, मग आखूड झालेली रांग. रांग परत येते आणि पुन्हा जाते. मिलोरादोविच पुढे होतो, देरफेल्डेनचीही माणसं झुंजतात. तट तसाच. पश्चिमेला क्रायही डोंगर चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. दुपारपर्यंतचा हिशेब मला विचाराल तर ही एक लढाई नव्हेच. शेजारी शेजारी चाललेल्या दोन लढाया, आणि तिसरी अजून रिवाल्ताहून निघायची आहे.

मग धूळ दिसते. पूर्वेकडून, नदीच्या अंगाने. सकाळी पाहिलेल्या अस्वलाच्या टोप्या घामाने निथळत तुमच्या डाव्या हाताला दूरवरून जातात आणि नोवीच्या मागच्या डोंगराला वळसा घालू लागतात. मेलास पोचला. फ्रेंचांच्या उजव्या बगलेत तो शिरतो, त्याच वेळी मधून रशियन आणि पश्चिमेकडून क्राय असा तिन्हीकडून एकदम रेटा बसतो. दिवसात पहिल्यांदाच या फौजेचे तिन्ही हात एकत्र मुठीत आले. साधारण दोन तासांत सगळं संपतं. पास्तुरानाच्या अरुंद वाटेवर फ्रेंचांच्या तोफा आणि गाड्या एकमेकांत अडकतात. पेरिन्यों आणि ग्रूशी हे त्यांचे दोन सेनापती तलवारीचे वार झेलून कैद होतात. मोरो उरलेल्यांना घेऊन डोंगरात निसटतो.

संध्याकाळी तुमची गाडी पुन्हा भरते. पावाची पोती फाडून खाली अंथरलीत. दोन्ही बाजूंचे मिळून मेलेले आणि जखमी पंधरा हजारांच्या आसपास आहेत, त्यांतले सहा तुमच्या वाट्याला आलेत. चार हिरवे, दोन पांढरे, म्हणजे सकाळी पांढरे होते असे. एका हंगेरियनाच्या टोपीत डहाळी अजून आहे, पानं पार सुकलेली. त्याच्या मांडीला टेकून सकाळचा तो पाव हुंगणारा रशियन बसलाय, हात खांद्यापासून बांधलेला. हंगेरियन पाणी मागतो. रशियनाला शब्द कळत नाही. ओठ दिसतात. तो उरलेल्या हाताने तुमच्या भोपळ्याकडे खूण करतो.

तीन-चार आठवड्यांत ही फौज दुभंगणार आहे. वरचे हुकूम येतील आणि हिरवे अंगरखे सेंट गॉटहार्डचा घाट चढून स्वित्झर्लंडकडे जातील. पांढरे इथेच राहतील आणि पुढल्या जूनमध्ये मारेंगोला हाच मेलास बोनापार्टकडून हरेल. आल्प्समधून जेमतेम वाचून बाहेर पडल्यावर रशियन म्हणतील, ऑस्ट्रियनांनी दगा दिला. ऑस्ट्रियन काय म्हणतील ते वेगळं.

दवाखाना म्हणून एका चर्चचं आवार रिकामं केलंय. दारात दोन टेबलं. पांढऱ्यांची नोंद एकीकडे, हिरव्यांची दुसरीकडे. तुमची माणसं उतरवून घेतात, हंगेरियनाला डावीकडे नेतात, रशियनाला उजवीकडे. तुम्ही सकाळची चिठ्ठी पुढे करता, मजुरीसाठी. ऑस्ट्रियन कारकून पुढची बाजू वाचतो, उलटवतो, पोचेवरची तारीख बघतो आणि मान हलवतो. चार तारखेला ही कोठी इथे नव्हतीच, म्हणतो. हे पैसे त्या टेबलाकडे मागा.