मेरी रॉबिन्सन आणि गरिबांच्या घरची शुश्रूषा

१८५९ सालचे लिव्हरपूल. त्या काळची धर्मादाय रुग्णालये बहुधा बऱ्या होण्याजोग्या रोग्यांनाच जागा देत. जुनाट खोकला, सुजलेले सांधे, न भरणारी जखम हे सारे एकदम सोसणाऱ्या वृद्ध गरिबाला उरे ती घरातली खाट, नाहीतर अनाथ-अपंगांचे वर्कहाउस.

त्याच वर्षी व्यापारी विल्यम रॅथबोन यांची पत्नी दीर्घ आजाराने वारली. तिची शुश्रूषा करणाऱ्या मेरी रॉबिन्सन यांनाच रॅथबोन यांनी तीन महिन्यांसाठी गरीब वस्तीत नेमले.

महिनाभरातच मेरींनी सुटका मागितली. ती दैना त्यांना पाहवेना. (यात दुबळेपणा शोधणे अन्यायाचे ठरेल.) रॅथबोन यांनी समजूत घातल्यावर त्या थांबल्या, आणि मुदत संपल्यावर हेच काम पुढे करण्याचे त्यांनी ठरवले.

पण आणखी परिचारिका आणायच्या कुठून? शिकलेल्या बायाच नव्हत्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा सल्ला होता : आपल्याच शहरात शिकवा. १८६२ मध्ये तेथील रॉयल इन्फर्मरीला जोडून परिचारिकांची शाळा स्थापन झाली; पुढे काही वर्षांत शहराचे १८ विभाग पाडून घरोघरच्या शुश्रूषेची व्यवस्था लागली.

ही परिचारिका जखम बांधी, खोलीत हवा खेळती करी, आणि हे सारे घरच्यांनाही शिकवी. कारण ती पुढच्या घरी जाई, दुखणे मात्र तिथेच राही.