मधुमेह आणि व्यायाम : रविवारचा डोंगर पुरेसा नाही

पावसाळा सुरू झाला, की पुण्या-मुंबईची पावले मावळाकडे वळतात. लोणावळ्याजवळचा औंढे गावाचा परिसर, लोहगड, विसापूर, भाज्याची लेणी अशा ठिकाणी शनिवार-रविवारी गर्दी असते. या गर्दीत चाळिशी-पन्नाशीतील मधुमेहीही असतात. गड चढून आल्यावर साखर कमी आलेली पाहून त्यांना समाधान वाटते. मात्र पुढचे पाच दिवस खुर्ची आणि वाहन यांतच गेले, तर तो लाभ आठवड्याच्या मध्यापर्यंतही टिकत नाही.

याचे कारण स्नायूंच्या कार्यात आहे. काम करणारे स्नायू इन्शुलिनच्या मदतीशिवायही रक्तातील साखर ओढून घेतात. व्यायाम थांबल्यानंतरही काही काळ इन्शुलिनचा प्रभाव वाढलेला राहतो. परंतु हा परिणाम साधारणतः एक ते तीन दिवसांत ओसरतो. म्हणूनच सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये, असे मधुमेहतज्ज्ञ सांगतात.

बारीक दिसणाऱ्यांनाही धोका

'मी लठ्ठ नाही, मला व्यायामाची काय गरज?' हा समज आपल्याकडे विशेष घातक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले होते. उंचीच्या तुलनेतील वजनाचा निर्देशांक (बीएमआय) दोघांचाही २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी अधिक असण्याची प्रवृत्ती त्यातून स्पष्ट झाली. साखर साठवणारे कोठार म्हणजे स्नायू. ते लहान असेल, तर त्याला रोज कामाला लावणे अधिक आवश्यक ठरते.

प्रश्न केवळ शहरांचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महाराष्ट्रासह चार प्रदेशांतील पाहणीत (२०१४) निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४.४ टक्के प्रौढ निष्क्रिय आढळले. शहरांत हे प्रमाण ६५ टक्के, तर ग्रामीण भागात ५० टक्के होते. शेतातील कष्ट यंत्रांनी हलके केले आणि दुचाकी दारात आली, की गावातही चालणे घटते.

किती आणि केव्हा?

आठवड्यात किमान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस प्रत्येकी ३० मिनिटे भरभर चालावे. बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतका वेग योग्य. ३० मिनिटे सलग जमत नसतील, तर प्रत्येक जेवणानंतर १० ते १५ मिनिटे चालावे. जेवणानंतर चढणारी साखर त्याने आटोक्यात राहते. आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे हीसुद्धा चांगली सुरुवात आहे. बैठे काम असेल, तर दर अर्ध्या तासाने उठून दोन-तीन मिनिटे फिरावे.

काळजी कोणती?

इन्शुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायामापूर्वी साखर तपासावी. ती १००पेक्षा कमी असल्यास आधी थोडे खावे. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही साखर उतरल्याची लक्षणे होत. अशा वेळी थांबून तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. मोठ्या चढाईनंतर काही तासांनी, रात्री झोपेतही साखर उतरू शकते. गडावर एकट्याने जाऊ नये; साखर किंवा ग्लुकोज खिशात असावेच. पायांची संवेदना कमी झालेल्यांनी अनवाणी चालू नये आणि रोज तळपाय पाहावेत. डोळ्यांच्या पडद्याचा किंवा हृदयाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारूनच व्यायाम ठरवावा. छातीत दुखल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

उपदेश नको, सोबत हवी

'व्यायाम करा' एवढे सांगून कोणी चालू लागत नाही. 'रात्रीच्या जेवणानंतर १५ मिनिटे, कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत' असे नेमके ठरले, तर ते पाळले जाते. पावले मोजण्याचाही उपयोग होतो. पावलांची नोंद ठेवणारे लोक दिवसाला सरासरी दोन हजारांहून अधिक पावले जास्त चालतात, असे २००७ मधील एका आढाव्यात दिसले. घरच्यांनी पथ्यावर पहारा ठेवण्याऐवजी सोबत चालावे. आजवर काहीच न केलेल्यांनी दहा मिनिटांपासून आरंभ करून दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत.

मावळातील डोंगर जरूर चढावेत. मात्र त्यांची तयारी घराजवळच्या रस्त्यावर, सोमवारपासूनच व्हायला हवी.