बाईसू पवार, मु. पो. रत्नागिरी

आमच्या मालवणकडे गावात नवा माणूस दिसला की पहिला प्रश्न ठरलेला. "खंयचो रे तू? कोणाचो?" कुठला आणि कोणाचा. शिक्षण, नोकरी, पगार वगैरे चौकशी नंतर सावकाश होते. या दोन प्रश्नांना उत्तर नसेल तर माणूस 'भायरचो', मग तो तिथे चाळीस वर्षं का राहीना! चाकरमान्याचं याच्या बरोबर उलटं. आजोबा मुंबईच्या गिरणीत गेलेले, नातू पुण्यात कोड लिहितो, गणपतीला कशीबशी चार दिवसांची रजा टाकतो, तरी तो घरचाच. शिमग्यात आणि जत्रेत त्याच्या घराची जागा आधीच ठरलेली असते. बाहेरून आलेल्या घराला अशी जागा कशी मिळवायची, याचं मॅन्युअल मात्र कोणी लिहून ठेवलेलं नाही.

अशा या कोकणात १८८६ च्या एप्रिलमध्ये बोटीतून एक अख्खं कुटुंब उतरलं. नवरा, त्याच्या दोन बायका, लहान मुली आणि नोकरचाकर. नवऱ्याचं नाव थिबा, ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं तेव्हा त्याचं वय होतं २६. म्हणजे आपल्यातले बरेच जण पहिल्या ऑनसाइटला जातात ते वय! आधी रंगून, मग मद्रास आणि शेवटी रत्नागिरी. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात मालवण-वेंगुर्लंही होतं (सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला १ मे १९८१ ला). त्यामुळे आमच्या खापरपणजोबांच्या जिल्ह्याच्या गावीच हा राजा येऊन राहिला म्हणायचा.

रत्नागिरीच का? तर तिथून कुठे जाता येत नाही म्हणून. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री, आणि पावसाळ्यात बोटी बंद. रेल्वे तर तिथे थेट १९९० च्या दशकात पोचली. नकोशा माणसाला ठेवायला सरकारला ही जागा इतकी आवडली की पुढे १९२४ ते १९३७ सावरकरांनाही तिथेच ठेवलं. आणि एक गंमत बघा. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या टिळकांना याच सरकारनं १९०८ साली शिक्षा झाल्यावर नेऊन ठेवलं मंडालेला. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचे टिळक मंडालेत! इंग्रजांना हा विनोद कळला होता की नाही देव जाणे.

असो. राजघराणं हौसेनं आलं नव्हतं आणि गावात मिसळावं अशी त्यांची इच्छाही नव्हती. सुपायालत राणी फार करारी बाई. राज्य गेलं तरी घरात दरबाराचे रिवाज चालूच. बाहेर पहारा आणि वर एक सरकारी अधिकारी. सरकारकडून पैसे मिळत, पण ते पुरत नसत. मग कर्ज व्हायचं, मंडालेहून आणलेली रत्नं विकली जायची. पंचवीसेक वर्षं बंगल्यांत काढल्यावर १९१० साली तो लाल राजवाडा बांधून झाला, जो आपण आज तिकीट काढून बघतो. थिबा त्यात जेमतेम सहा वर्षं जगला. डिसेंबर १९१६ मध्ये तो तिथेच वारला.

मोठी माणसं अशी परतीची वाट बघत बसली, पण मुलींचं काय? थोरली राजकन्या फाया जी १८८० ची. रत्नागिरीत आली तेव्हा जेमतेम सहा वर्षांची. धाकटीचा तर जन्मच रत्नागिरीतला. आजूबाजूला दाया, गडी, माळी सगळे इथलेच. पोरी मराठी बोलायला लागल्या यात नवल ते काय? न्यू जर्सीतल्या आपल्या मित्रांच्या पोरांचं आज जे होतं तेच. आईबाप 'तिकडचं' जपत बसतात आणि पोरं शेजारच्यांसारखी बोलायला लागतात. फरक एवढाच की या मुलींना बाहेर पडायची मोकळीक नव्हती. राजघराण्याला शोभेल असा नवरा रत्नागिरीत मिळणार कुठून? वर्षं जात राहिली.

शेवटी मार्ग निघाला तो फाटकातून, अगदी अक्षरशः. गोपाळ सावंत नावाचा द्वारपाल होता. फाया जी आणि त्याचं प्रेम जमलं, आणि १९०६ मध्ये त्यांना मुलगी झाली, टूटू. सावंतांचं लग्न आधीच झालेलं होतं, घरी बायको होती. सरकारदरबारी केवढा गोंधळ उडाला असेल याची कल्पना करा. राजकन्येचं मूल, बाप पहाऱ्यावरचा नोकर, आणि लग्न नाही!

१९१९ साली कुटुंबाला ब्रह्मदेशात परत जायची परवानगी मिळाली. चौतीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते मिळालं. फाया जीही टूटूला घेऊन गेली. आणि थोड्याच काळात रत्नागिरीला परत आली.

मला या गोष्टीतली सगळ्यात विचार करायला लावणारी जागा ही वाटते. ज्या देशाची ती राजकन्या, तिथे या मायलेकींसाठी जागा झाली नाही. आणि रत्नागिरीत? इथेही ती सावंतांच्या घरची सून म्हणून मिरवू शकत नव्हती, पहिली बायको होतीच. "कोणाची?" या प्रश्नाला तिच्याकडे दोन उत्तरं होती, एक फार मोठं आणि एक न सांगण्यासारखं, आणि माझ्या मते दोन्ही तिथे चालणारी नव्हती. हळूहळू हलाखी आली आणि १९४७ साली ती रत्नागिरीतच गेली. साठेक वर्षं कोकणात काढून ती शेवटपर्यंत ब्रह्मदेशाची राजकन्याच राहिली, राज्य नसलेली.

टूटूचं वेगळं झालं. तिचं लग्न शंकर पवार नावाच्या ड्रायव्हरशी झालं आणि ती बाईसू झाली. पवारांची बाईसू. मुलंबाळं झाली. पैशाची कायम ओढाताण. ती गोवऱ्या थापून विकायची, कागदाची फुलं करून विकायची. बोलणं मराठी, घर मराठी. चेहऱ्यावर आजोबा दिसत असतील तेवढेच. ब्रह्मदेशाचा राजा होता त्याची नात शेण थापते, असं कोणी हळहळून लिहिलं की मला जरा रागच येतो. त्या गल्लीतल्या इतर बायकाही तेच करत होत्या की! त्यांच्याबरोबर बसून तिला तेच काम करता येत होतं, आणि तिच्या आईला एवढंसुद्धा कधी मिळालं नव्हतं.

पण याची दुसरी बाजूही आहे. रत्नागिरीनं सामावून घेतलं ते बाईसू पवारला. थिबाच्या नातीला सामावून घेतलं की नाही, हा प्रश्नच उरला नाही, कारण ती नात बाईसूमध्ये विरघळून गेली. ब्रह्मी भाषा गेली, नाव गेलं. आपल्याकडे एखाद्याला 'आपला' म्हणताना आपण त्याच्याकडून किती काढून घेतो याचा हिशोब कोणी ठेवत नाही. मी तरी कुठे बघितलेला नाही. आपण परदेशात जातो तेव्हा मात्र हाच हिशोब अगदी पैशापैशानं मांडतो. तिथे मोदक मिळतात का, पोरांना मराठी शाळा आहे का, साहेब आपलं नाव नीट उच्चारतो का...

बाईसू २००० साली वारली, नव्वदीच्या पुढे. त्याच वर्षी अमिताव घोष यांची 'द ग्लास पॅलेस' ही कादंबरी आली आणि तिच्या आजोबांची रत्नागिरी जगभर वाचली गेली. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीवर येऊन गेले. २०१६ मध्ये थिबाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा तिकडचे उपराष्ट्राध्यक्ष, सेनाप्रमुख आणि राजघराण्याचे वंशज असे सगळे रत्नागिरीत आले आणि समाधीपाशी ब्रह्मी पद्धतीचे विधी झाले. थिबाला परत न्यायची चर्चा मधूनमधून निघते. अजून तरी तो रत्नागिरीतच आहे, धाकट्या राणीच्या शेजारी. सुपायालत मात्र १९२५ साली रंगूनला वारली, तिची समाधी तिकडे. आणि थोरल्या राजकन्येची पतवंडं-खापरपतवंडं कोकणात आहेत, आडनाव लावतात पवार.