पहिली डिस्क कोणती?

लिनक्सची नवी आवृत्ती चढवावी आणि संगणक सुरू करताच काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ उमटावे, की दोष अपग्रेडच्या माथी जातो. दुखणे मात्र बरेचदा जुने असते. डिस्क ओळखायची ती जागेवरून की तिच्या स्वतःच्या खुणेवरून, हा प्रश्न पीसीच्या बालपणापासून चालत आला आहे.

1983 मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी 10 मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन आला. बायोस डिस्कना नुसते क्रमांक देई, पहिल्या डिस्कचा 512 बाइटांचा पहिला सेक्टर वाची आणि पुढचा कारभार त्याच्यावर सोपवी. त्यात बूट प्रोग्रामच्या वाट्याला जेमतेम 446 बाइट. एवढ्याशा जागेत डिस्कची ओळखपाळख विचारायला वावच नव्हता.

पुढे लिनक्समध्ये आयडीई डिस्कची नावे केबलवरच्या जागेवरून ठरली. दुसऱ्या केबलवरची मास्टर डिस्क ‘एचडीसी’च, मग ‘एचडीबी’ असो वा नसो. स्कझी डिस्कना मात्र सापडतील त्या क्रमाने ‘एसडीए’, ‘एसडीबी’ म्हणत. लिलो हा बूटलोडर कर्नल डिस्कवर कुठे आहे ते आधीच टिपून ठेवी. कर्नल बदलला की लिलो पुन्हा चालवणे भाग होते. 1995 मध्ये एरिक बोलेन यांनी सुरू केलेला ग्रब फाइलसिस्टिम स्वतः वाचू लागला. डिस्क मोजताना मात्र तोही बायोसच्याच क्रमावर विसंबला.

2006-07 मध्ये लिबअटा ड्रायव्हर आयडीई डिस्कही हाताळू लागला आणि ‘एचडीए’ची ‘एसडीए’ झाली. फेडोरा 7 मध्ये हा बदल आला तेव्हा सेटिंगच्या फाइलींत लिहिलेली जुनी नावे निरुपयोगी ठरली. उबुंटूने 6.10 पासूनच यूयूआयडीची वाट धरली होती. हा 128 बिटांचा आकडा फाइलसिस्टिम तयार होताना तिच्यातच लिहिला जातो. केबल बदलली तरी तो बदलत नाही.

तरीही जुलै 2020 मध्ये ग्रबमधल्या ‘बूटहोल’ या त्रुटीवरची दुरुस्ती आली आणि डेबियन-उबुंटूची काही यंत्रे अडली. ग्रब कोणत्या डिस्कवर बसवायचा याची नोंद जुनी होती. नवी मॉड्यूल्स आली, पण बायोस ज्या डिस्कवरून बूट करत होता तिथला ग्रबचा गाभा जुनाच राहिला. दोघांचे जुळेना आणि ‘ग्रब_कॅलॉक’ सापडत नसल्याची तक्रार पडद्यावर आली.

डिस्कचा क्रम हे कर्नलने दिलेले वचन नव्हे. म्हणून अपग्रेडपूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात: फाइलींत यूयूआयडी आहेत का आणि ग्रबची नोंद आज बूट होणाऱ्या डिस्ककडेच बोट दाखवते का. डिस्कची हुबेहूब प्रत काढली असेल, तर प्रतीचा यूयूआयडी बदलल्याशिवाय दोन्ही डिस्क एकत्र जोडू नयेत. यूयूआयडीवर भिस्त ठेवायची तर तो एकमेव असायलाच हवा.