५५३ डॉलर ६२ सेंटची होडी

हेडफोन लावलेत ना? मग सुरू करू.

मागच्या महिन्यात माझ्या फोनची बॅटरी फुगली. दुकानदाराने फोन उलटापालटा केला आणि म्हणाला, "दुरुस्तीला जेवढे घालाल त्यात थोडे टाका, नवाच घ्या. हा आता परवडत नाही." मी परत येताना हाच शब्द घोळवत होतो. परवडत नाही. आणि मला एक खलाशी आठवला, ज्याला जवळपास वर्षभर लोक रोज येऊन हेच विचारत होते: परवडेल का रे हे तुला?

त्याचं नाव जोशुआ स्लोकम. जन्म १८४४, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा. वडील कोळ्यांसाठी चामड्याचे बूट करायचे. पोरगा दहा वर्षांचा झाल्यावर त्याला शाळेतून काढून बुटांच्या कामाला बसवलं. पोराचं लक्ष मात्र समुद्राकडे. पुढे पळून गेला, खलाशी झाला, मोठ्या शिडांच्या जहाजांचा कॅप्टन झाला. बायको व्हर्जिनिया त्याच्यासोबत जहाजावरच राहायची, मुलंही. १८८४ मध्ये ब्यूनोस आयर्सच्या बंदरात ती वारली. तीन वर्षांनी त्याचं जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर वाळूत रुतून मोडलं. स्वतःच्या मालकीचं होतं ते. या बाबाने तिथेच दुसऱ्या बायकोच्या आणि मुलांच्या मदतीने ३५ फुटांची होडी बांधली आणि सगळ्यांना घेऊन अमेरिकेला परतला. म्हणजे हात चालणारा माणूस. पण परतला तेव्हा जगच बदललेलं. वाफेच्या जहाजांचा जमाना आला होता. ज्या उंच डोलकाठ्यांच्या जहाजांवर त्याने आयुष्य काढलं, त्यांच्या काठ्या कापून त्यांचे कोळसा वाहणारे पडाव केले जात होते. बोस्टनच्या गोदीत काम मागायला गेला, तर आधी संघटनेचे ५० डॉलर भरायचे. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, आणि त्याचं कौशल्य आता कुणाला नको होतं.

१८९२ च्या हिवाळ्यात एबेन पिअर्स नावाचा एक जुना व्हेल-शिकारी कॅप्टन त्याला भेटला. म्हणाला, फेअरहेवनला ये, तुला एक जहाज देतो. फक्त थोडी डागडुजी लागेल.

थोडी डागडुजी! फेअरहेवन म्हणजे मॅसॅच्युसेट्समधलं, न्यू बेडफर्डच्या समोरचं गाव. स्लोकम तिथे गेला तर 'जहाज' समुद्रात नव्हतंच. पाण्यापासून दूर एका शेतात टेकू लावून उभं, वर कापड पांघरलेलं. आपल्याकडे कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर होड्या ओढून शाकारून ठेवतात ना, तसंच. फक्त इथे पावसाळा संपून होडी पुन्हा पाण्यात जायची, तसं काही झालंच नव्हतं. सात वर्षं ती तशीच उभी. नाव 'स्प्रे', पूर्वी कालवं गोळा करायच्या धंद्यातली होडी, आणि वय एवढं की नक्की कुणाला सांगता येईना. गावात तो एक विनोदच झाला होता. कुऱ्हाड घेतलेला माणूस दिसल्यावर गावकऱ्यांना वाटलं, चला, अखेर ही मोडीत काढायला कुणी तरी आला. त्याने सांगितलं, मोडायला नाही, नव्याने बांधायला आलोय.

आता थोडं तपशिलात जातो, कारण मला या गोष्टीतलं हेच सगळ्यात आवडतं. त्याने जवळचं एक ओकचं झाड पाडलं. त्यातून झाला कील, म्हणजे होडीचा तळाशी असणारा कणा. बरगड्यांसाठी सरळ, कोवळी झाडं घेतली. ती वाकवायची कशी? एक लांब पेटी, तिला वाफ पुरवायला एक भांडं. वाफ देऊन देऊन लाकूड नरम झालं की ओंडक्यावर दाबून वाक द्यायचा आणि तसंच बांधून ठेवायचं. होडीचं नाक, जे लाटेला पहिलं भिडतं, ते एका ओकच्या बुंध्याचं. पुढे हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांजवळ याच नाकाने प्रवाळाचा एक ढेपळा दुभंगला आणि लाकडावर ओरखडाही आला नाही, असं तो मोठ्या अभिमानाने लिहितो. अंगाला दीड इंच जाडीच्या पाइनच्या फळ्या, शेकडो स्क्रू-बोल्ट.

मग आलं फटी बुजवण्याचं काम. फळ्यांच्या मधल्या सांध्यात कापूस ठासायचा, वर ताग-अंबाडीसारखे जाड तंतू. कसबी लोकांचं काम ते. इथे बघ्यांची गर्दी, आणि गर्दी म्हटल्यावर सल्ले आलेच. पहिला घाव घातल्याबरोबर पाठीवर शिंपल्यांची टोपली घेतलेला एक वाटसरू ओरडला की हा कापूस सरकणार! सगळ्या गावाचा तोच सूर. पिअर्स म्हातारा चिडून विचारता झाला की किती वेगाने सरकेल तेवढं सांगा, म्हणजे तेवढ्यात बंदर तरी गाठू. (हे मी माझ्या शब्दांत सांगतोय, मूळ पुस्तकात हा प्रसंग जास्त मजेशीर आहे.) कापूस सरकला नाही.

काम संपलं तेव्हा मालाचा खर्च झाला ५५३ डॉलर ६२ सेंट, आणि १३ महिन्यांची स्वतःची मजुरी. फेअरहेवनमधला मुक्काम मात्र त्याहून काही महिने लांबला, कारण अधूनमधून तो बंदरातल्या व्हेल-शिकारी जहाजांवर रोजंदारी करून पैसे जोडत होता. पगार आला की फळ्या, संपला की पुन्हा रोजंदारी. ईएमआय नव्हता तेव्हा.

आणि जुन्या होडीतलं उरलं काय? त्याने फळीमागून फळी, बरगडीमागून बरगडी बदलली, सगळं एकदम नाही. त्यामुळे जुनी 'स्प्रे' कधी संपली आणि नवी कधी सुरू झाली हे त्यालाही सांगता येईना. विम्याच्या जगात नियमच होता म्हणे की दुरुस्त होत होत संपूर्ण नवं झालेलं जहाज हे तेच जहाज. त्याला हे पटलं, मलाही पटतं. गावाकडे आमच्या कोयत्याची मूठ कितीदा बदलली असेल, पण तो आजोबांचाच कोयता.

पुढे काय? एक हंगाम मासेमारी करून पाहिली आणि कळलं की आपल्याला गळाला आमिषसुद्धा धड लावता येत नाही. मग सुमारे ३७ फुटांची होडी घेऊन १८९५ च्या २४ एप्रिलला तो बोस्टनहून निघाला. एकटा. पृथ्वीप्रदक्षिणेला.

आणि दुरुस्ती संपलीच नाही हो! प्रत्येक बंदरात काहीतरी. घड्याळाचंच बघा. त्याच्याकडचा चांगला क्रोनोमीटर साफ करून द्यायचे १५ डॉलर सांगितले, म्हणून तो घरीच ठेवला. नोव्हा स्कोशियात एक पत्र्याचं घड्याळ घेतलं, किंमत दीड डॉलर, पण तबकडी फुटलेली म्हणून एकाला मिळालं. पुढे त्याचा मिनिटकाटा गेला आणि ते बंद पडलं, तेव्हा त्याने ते चक्क पाण्यात उकळलं. चाललं पुन्हा! म्हणजे सगळंच दुरुस्त करायचं असं नाही, कुठे पैसे घालायचे आणि कुठे नाही हा हिशोब त्याचा पक्का होता.

उरुग्वेच्या किनाऱ्यावर होडी वाळूत चढली, कीलला मार बसला. माँटेव्हिडिओत एका जहाज कंपनीच्या लोकांनी ती फुकट दुरुस्त करून दिली, वर एका लोखंडी पिंपाला भोकं पाडून चूलही करून दिली. ओली लाकडंसुद्धा खाणारी चूल. ब्यूनोस आयर्सला त्याने डोलकाठी सात फूट आणि पुढचा दांडा पाच फूट कापून टाकला. पुढे दक्षिणेला वादळी पाणी आहे, उंच शीड म्हणजे धोका, एवढाच त्यामागचा विचार. दांडा अजून एक फूट कापायला हवा होता, असं नंतर तो म्हणतो. ज्या बंदरात व्हर्जिनिया गेली, तिथेच तो करवत घेऊन बसला होता. हे वाचताना मी थोडा वेळ पुस्तक बाजूला ठेवलं.

मॅजेलनच्या सामुद्रधुनीतून तो १८९६ च्या मार्चमध्ये प्रशांत महासागरात निघाला आणि वादळाने त्याला मागे ढकललं. मोठं शीड चिंध्या चिंध्या. खाडीखाडीत नांगर टाकून त्याने ते टाके घालत जोडलं. रिओमध्ये मागच्या बाजूला एक आधार बसवून ठेवला होताच, त्यावर इथे छोटं दुसरं शीड चढवलं. होडीचा तोल आणखी सुधारला. १३ एप्रिलला, अनेक फसलेल्या प्रयत्नांनंतर, तो बाहेर पडला.

या सगळ्याचा परिणाम पुढे दिसतो. थर्सडे आयलंडपासून कीलिंगपर्यंत २७०० मैल, २३ दिवस, आणि त्यात सुकाणूवर तो बसला जेमतेम तीन तास. सुकाणू बांधून ठेवायचं, शिडं योग्य तोलात लावायची, आणि खाली जाऊन वाचत पडायचं. लोकांना खरं वाटेना. पण ज्याने होडीची प्रत्येक फळी स्वतः बसवली, तिचं वजन कुठे आहे, ती कुठे रेलते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

२७ जून १८९८ ला मध्यरात्रीनंतर तो न्यूपोर्टला पोचला. ४६ हजारांहून जास्त मैल. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. थोड्या दिवसांनी तो 'स्प्रे' घेऊन फेअरहेवनला गेला आणि जिथे तिला पाण्यात सोडलं होतं, त्याच खांबाला बांधली. होडीत थेंबभर गळती नव्हती. ऑस्ट्रेलियानंतर पंप जोडलासुद्धा नव्हता. कापूस जागेवर होता.

१९०० मध्ये पुस्तक आलं, नाव झालं. पण नंतरच्या वर्षांत त्याला बंदरात पाहिलेल्यांनी लिहून ठेवलंय की 'स्प्रे'ची रया गेली होती, दोर झिजलेले, मालकही थकलेला. १९०९ च्या नोव्हेंबरमध्ये तो तिच्यातूनच दक्षिण अमेरिकेकडे निघाला. पुन्हा कुणाला दिसला नाही, तोही आणि ती होडीही.

फोनचं म्हणाल तर, गल्लीतल्या एका पोराने नवी बॅटरी टाकून दिली. मागचं झाकण थोडं वर राहतं. हा भाग त्याच फोनवर रेकॉर्ड केलाय, आवाज बरा येतोय का तेवढं कळवा.