तळटीप : पंचकोनी फरशी

१. पंचकोनी फरशी : लेखकाने ‘पंचकोनाने जमीन झाकता येत नाही’ असे सरसकट म्हटले आहे. ते फक्त नियमित, म्हणजे पाचही बाजू आणि कोन सारखे असलेल्या पंचकोनापुरते खरे. त्याचा प्रत्येक कोन १०८ अंशांचा. एका बिंदूभोवती तीन फरश्या मांडल्या की ३२४ अंश भरतात. उरलेल्या ३६ अंशांच्या फटीत चौथी मावत नाही. बाजू-कोन कमीजास्त केले, तर मात्र काही पंचकोन एकमेकांना बिनफट चिकटून बसतात. कार्ल राइनहार्ट यांनी १९१८ मध्ये असे पाच प्रकार दिले. १९६८ मध्ये रिचर्ड कर्शनर यांनी आणखी तीन दिले आणि यादी संपली असे सांगून टाकले. ती घाईच झाली. सॅन डिएगोच्या गृहिणी मार्जोरी राइस यांनी मुलासाठी घरी येणाऱ्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये १९७५ साली हा विषय वाचला. गणित शाळेपुरतेच झालेले, म्हणून खुणांची लिपीही त्यांनी स्वतःच बनवली. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आकृत्या काढायच्या आणि कोणी आले की झाकून ठेवायच्या, असे करत त्यांनी चार नवे प्रकार शोधले! इतरांनीही यादीत भर घातली आणि पंधरावा २०१५ मध्ये संगणकाच्या मदतीने सापडला. कुठेही आत न खचलेल्या पंचकोनांत सोळावा प्रकार नाही, हे मायकेल राओ यांनी २०१७ मध्ये दाखवले. मूळ वाक्य लेखकाचे म्हणून तसेच ठेवले आहे. वाचकांनी त्यात ‘नियमित’ हा शब्द घालून वाचावे. – संपादक