तूर्मालेच्या पायथ्याशी

सँत-मारी-द-काँपाँ हे फ्रान्सच्या पिरेनीज डोंगरातलं इवलंसं गाव. तूर्मालेचा घाट इथूनच चढायला लागतो. 17 किलोमीटरची चढण, आणि माथा 2,115 मीटरवर. हौशी सायकलस्वारांच्या शर्यतीसाठी मी आठ दिवस आधीच येऊन राहिले आहे. पुण्यात वर्षभर दर शनिवारी सिंहगडाचा घाट लागोपाठ दोनदा चढले. पण सिंहगडावर पाय भरून येईपर्यंत घाट संपतो, इथे पाय भरून आल्यावरही निम्मा उरलेला असतो.

विमानप्रवासात सायकलचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारी यंत्रणा जिथे लटकते तो भाग, वाकला होता. गिअर टाकला की चेन उडायची. इथल्या मेकॅनिकने दहा मिनिटांत तो सरळ करून दिला. तेवढ्या वेळात मी गावातल्या जुन्या लोहारशाळेपाशी जाऊन आले. भिंतीवर पाटी आहे, युजीन क्रिस्तोफच्या नावाची. 1913च्या तूर द फ्रान्समध्ये तूर्माले उतरताना त्याच्या सायकलचा पुढचा फोर्क मोडला. सायकल खांद्यावर घेऊन दहाहून जास्त किलोमीटर चालत तो इथे पोचला. दुसऱ्याची मदत घ्यायची नाही, असा नियम. म्हणून ऐरणीवर त्याने स्वतःच फोर्क जोडला आणि शर्यतीचे अधिकारी उभं राहून पाहत होते. भाता एका पोराने हलवला, तर त्याबद्दलही दंडाची मिनिटं लावली! ही गोष्ट मी कितीदा वाचली असेल, दर वेळी त्या दंडाचा तेवढाच राग येतो.

तूरचा संस्थापक आंरी देग्रांज हा असाच कडक होता. गिअर बदलणारा डिरेलर तूरमध्ये 1937 पर्यंत बंद होता. त्यामुळे मागच्या चाकाला दोन्ही अंगांना वेगवेगळ्या दातांची चकती असे. घाट आला की उतरायचं, चाक सोडवायचं, उलटं करून परत बसवायचं. पावसात बोटं बधिर झालेली असताना हे कसं जमत असेल, हा प्रश्न मला सायकल पॅक करताना चाक सोडवलं तेव्हाच पडला.

आणि या सगळ्यावरचा तोडगा तर सायकलवर भटकंती करणाऱ्यांना केव्हाच सापडला होता. सँतेत्येनचा पॉल द विवी ऊर्फ 'व्हेलोसिओ' 1887 पासून 'ल सिक्लिस्त' हे मासिक काढत होता आणि एकापेक्षा जास्त गिअरचा आग्रह धरत होता. 1902 मध्ये फ्रान्सच्या टूरिंग क्लबने प्रवासी सायकलींची परीक्षा घेतली, ती याच तूर्मालेवर. त्यात मार्त एस ही बाई गिअरची सायकल घेऊन उतरली होती. तूरचे शर्यतपटू या घाटात आले ते 1910 मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी. तेव्हाचा विजेता ऑक्ताव्ह लापीझही काही ठिकाणी सायकल ढकलत चालला. इतिहास लिहिणारे घाटाची सुरुवात 1910 पासून मोजतात, ते मला पटत नाही. हा घाट आधी आमचा, हौशी माणसांचा.

1902च्या त्या परीक्षेनंतर देग्रांजचं मत होतं की गिअर हे पंचेचाळिशीपुढच्या लोकांसाठी. मी 47 वर्षांची आहे, आणि माझ्या मागच्या मोठ्या चकतीला 34 दात आहेत.

आज सकाळी ला मोंजीच्या अलीकडे, कोसळणाऱ्या बर्फापासून बचाव व्हावा म्हणून रस्त्यावर बांधलेल्या काँक्रीटच्या छताखाली, चढ एकदम उभा झाला. मी शेवटचा गिअर टाकला. चेन अलगद चौतीसवर बसली. पाय थांबले नाहीत.